तिसरा, चौथा आणि आपण : ख्रिस्तातलं कुटुंब आणि उपकारस्तुती

(शीव कोळीवाडा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

बंधुभगिनींनो,

हा शब्द मी आज जरा जपूनच उच्चारतोय. कारण तो फार झिजलाय. निवडणुकीच्या सभेत तो असतो, शाळेच्या गॅदरिंगमध्ये असतो, सोसायटीच्या वार्षिक सभेत भांडण सुरू व्हायच्या आधी असतो. माईक हातात आला की समोरचे सगळे भाऊ-बहीण होतात आणि माईक खाली ठेवला की जो तो आपापल्या घरी जातो. ख्रिस्ती मंडळीत मात्र हा शब्द भाषणाच्या सुरुवातीला येऊन थांबत नाही, तो रोजच्या वापरात आहे. बंधू अमुक, भगिनी तमुक. पाळकांच्या पत्रात, प्रार्थनेच्या यादीत, मयताच्या घोषणेत. माझा आजचा प्रश्न साधा आहे. ज्याच्याशी आपलं रक्ताचं काही नाही त्याला भाऊ म्हणायचं म्हणजे नेमकं काय? आणि तो भाऊ मिळाल्याबद्दल उपकार मानायचे, ते कसे?

हे बोलायला ही जागा बरी आहे. आपल्या स्टेशनवर आता गुरू तेग बहादूर नगर अशी पाटी आहे, पण इथली जुनी माणसं अजून कोळीवाडा स्टेशनच म्हणतात. एकाच नावाच्या या दोन थरांत सगळी गोष्ट आहे. खाली मूळचा कोळ्यांचा गाव, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी लागतो. त्याच्यावर फाळणीनंतर आलेले निर्वासित, पंजाबी आणि सिंधी, ज्यांची गावंच्या गावं मागे राहिली होती. छावणीत शेजारी कोण येईल ते त्यांनी ठरवलं नव्हतं. जो आला त्याच्याशी नातं जोडावं लागलं. मंडळी म्हणजे बऱ्याच अंशी अशी छावणीच असते. शेजारी आपण निवडलेला नसतो.

आता शुभवर्तमानाकडे येऊ. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशूची आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत, निरोप पाठवतात. तो भोवती बसलेल्यांकडे बघतो आणि देवाच्या इच्छेप्रमाणे जो चालतो तोच माझा भाऊ, तीच बहीण आणि आई, असं सांगतो. आपण हे इतक्यांदा ऐकलंय की त्यातला धक्का गेला. दाराबाहेर उभ्या असलेल्या आईचा विचार करून बघा. आणि दहाव्या अध्यायात, माझ्यासाठी घरदार सोडणाऱ्याला शंभरपट मिळेल, असं तो सांगतो तेव्हा दोन याद्या येतात. सोडलेल्यांच्या यादीत घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं. मिळणाऱ्यांच्या यादीत घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं. दुसऱ्या यादीत बाप नाही. घरी जाऊन ताडून बघा. या कुटुंबात बापाची जागा आधीच भरलेली आहे, म्हणून तिथे कुणी माणूस बसायचं कारण नाही. हे काही पाळकांना आणि पंचांना अधूनमधून वाचून दाखवायला हरकत नाही. (हशा) आणि बापाच्या बदल्यात दुसऱ्या यादीत एक गोष्ट जास्तीची आहे, छळ.

हे सगळं ग्रंथात ठीक आहे. पण आपल्या मराठी मुलखात ही यादी खरोखर जगावी लागली, आणि तीही फार जुनी गोष्ट नाही.

1843 साल. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनची शाळा होती, तिच्यातूनच पुढे विल्सन कॉलेज उभं राहिलं. त्या शाळेतल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे येऊन राहिला होता, पण त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. वडील सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टानं मुलगा अज्ञान आहे म्हणून त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण वाद तिथे मिटला नाही, खरा वाद तिथून पुढे पेटला. श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. बाप्तिस्मा नसला म्हणून काय झालं? आता त्याला जातीत परत घ्यायचं कसं? बाळशास्त्री जांभेकर, ‘दर्पण’चे, म्हणाले की प्रायश्चित्त देऊन घ्या. त्यासाठी ते झटले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या मुलाचा विश्वास काय होता, यावर भांडण झालं नाही. त्यानं कुणाच्या घरी खाल्लं, यावर झालं. आणि भांडणाऱ्यांना कुटुंब म्हणजे काय ते बरोबर कळत होतं, असं माझं मत आहे. आपण ज्याच्या हातचं खातो तो आपला. पंगत हीच नात्याची हद्द. म्हणून बाप्तिस्मा झालेला माणूस घरच्यांच्या लेखी मेला. वाटणीत त्याला हिस्सा नाही, लग्नकार्याला बोलावणं नाही, दुखण्याखुपण्याला कुणी येणार नाही. धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून वारसाहक्क जाऊ नये, असा कायदा 1850 मध्ये झाला. धर्मांतरामुळे नवरा किंवा बायको सोडून गेली तर त्या लग्नातून मोकळं कसं व्हायचं, याचाही कायदा 1866 मध्ये करावा लागला. पण हिस्सा मिळाला म्हणून सणाला पान वाढलं जात नाही. ते काम कायद्याचं नव्हतं. ते मंडळीला करावं लागलं. माणूस आजारी पडला तर रात्री जागायला कोण? पोरीचं लग्न कोण जमवणार? मेला तर खांदा कोण देणार? त्या काळी हे उपदेशाचे विषय नव्हते, चार माणसं जमवायची होती.

आणि ती चार माणसं कोण असतील हे हातात नव्हतं. नारायण शेषाद्रींचंच पाहा. धाकटा भाऊ कोर्टानं परत नेला. पुढे ते जालन्याकडे, निजामाच्या राज्यात, कामाला गेले आणि तिथे ख्रिस्ती झालेल्या मांग-महार कुटुंबांसाठी बेथेल नावाचं गाव त्यांनी वसवलं. ज्यांची सावली चालली नसती ती त्यांची भावकी झाली. शंभरपट मिळेल हे खरं, पण काय मिळेल ते मागणाऱ्याच्या पसंतीनं नाही.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची. रमाबाईंच्या कार्याबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलंय. शारदा सदन 1889 मध्ये इथेच मुंबईत, चौपाटीला सुरू झालं, मग पुण्याला, मग केडगावचं मुक्ती. ते सगळं आज बाजूला ठेवू. मला त्यांची नाती बघायची आहेत. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले. मग भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षं व्हायच्या आत पती गेले. चोविसाव्या वर्षी हातात उरली एक तान्ही मुलगी. 1883 मध्ये ही बाई इंग्लंडात वाँटेजला जाते आणि तिथल्या मठात मनोरमेसह बाप्तिस्मा घेते. तिथल्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई पत्रांत त्यांना काय म्हणायच्या ठाऊक आहे? आजीबाई. मनोरमेची आजी, म्हणून आजीबाई. इंग्रज जोगीण आणि तिला मराठी घरातलं नाव!

पण ही पत्रं गोडीगुलाबीची आहेत असं समजू नका. दोघींचं कडाक्याचं वाजलंय. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून वाजलं. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, अंडं घातलेलं पुडिंग खाल्लं नाही, आणि आजीबाईंना त्यात जातीचा ताठा दिसला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं, संस्कृत का नको? मी सगळं तपासल्याशिवाय मान्य करणार नाही, हा त्यांचा हेका शेवटपर्यंत होता. आणि तरीही पत्रं थांबली नाहीत. मला वाटतं, मायलेकींचं नातं ओळखायची हीच खूण. जिच्याशी फक्त गोडच बोलावं लागतं ती पाहुणी असते.

आता टिळक. नारायण वामन टिळक रेल्वेनं राजनांदगावला चालले होते. साल 1893. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला, संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, आणि उतरताना त्यानं नवा करार हातात ठेवला. दोन वर्षांनी, फेब्रुवारी 1895 मध्ये, टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाच्या बाजूनं विचार करा. त्याच्यासाठी तो एका दुपारचा प्रवास होता. मराठी ख्रिस्ती मंडळी शंभर वर्षांहून अधिक काळ टिळकांची भजनं गातेय, ती त्या डब्यातल्या माणसामुळे. आपल्या विश्वासाच्या मागे असे किती डबे असतील.

पण टिळकांपेक्षा मला आज लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. नवरा ख्रिस्ती झाला, त्या झाल्या नाहीत. नातेवाइकांकडे, पंढरपूरला, दुःखानं वेड लागायची पाळी आली. पुढे नवऱ्याकडे नगरला आल्या त्या आपलं सोवळं घेऊन. पाणी वेगळं, चूल वेगळी. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलंय त्यांना हा भाग आठवत असेल; नसेल वाचलं तर सगळं सोडून आधी ते वाचा. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या मधोमध एक बाई राहते आणि त्यांच्या हातचं पाणी घेत नाही. आता विचार करा, त्या शेजाऱ्यांना काय वाटत असेल? रोज आपल्या डोळ्यांदेखत कुणीतरी आपल्याला अस्पर्श मानतंय, आणि ती आपल्या पाळकाची, आपल्या कवीची बायको आहे. तरी तिला तिथे राहू दिलं गेलं. लक्ष्मीबाईंचं सोवळं कुणाच्या युक्तिवादानं सुटलं नाही. जात माणसानं केली, देवानं नाही, हे त्यांचं त्यांना उमगलं तेव्हा ते सुटलं. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांचा झाल्याला पाच वर्षं होऊन गेली होती. त्या पाच वर्षांत ज्यांनी घाई केली नाही, त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. मंडळीनं लक्ष्मीबाईंना काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी आधी ‘वेळ’ म्हणेन.

आणि मग त्याच चुलीवर किती जण जेवले! दुष्काळातली पोरकी मुलं. प्लेगमधली माणसं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले, लक्ष्मीबाईंवर आईसारखा हक्क गाजवत. 1918 मध्ये रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले, पुढच्याच वर्षी टिळक गेले. ख्रिस्तातलं कुटुंब म्हणजे कुंपण घातलेली वाडी नव्हे, हे सांगायला याहून वेगळा दाखला मी शोधणार नाही.

बरं, आता उपकारांकडे येतो. इथे आपली मराठी माणसांची एक अडचण आहे. आपण घरात आभार मानत नाही. आईनं ताट वाढलं आणि मुलगा ‘थँक यू’ म्हणाला, तर आई विचारते, काय रे, बरं आहे ना? आभार परक्यांचे. लग्नपत्रिकेचे, सत्काराचे. ‘उपकार’ शब्द तर आणखी अवघड. उपकार म्हटला की तो फेडावा लागतो, आणि फेडता आला नाही की त्याचं ओझं होतं. मग मंडळी जर कुटुंब असेल, तर तिथे उपकार मानायचे की नाही?

मराठी ख्रिस्ती भाषेनं यावर एक शब्द ठेवलाय, आणि तो मला फार शहाणा वाटतो. उपकारस्तुती. फेडायचं नाही, स्तुती करायची. आणि स्तुती कुणाची, तर देवाची. पौलाची पत्रं बघा. फिलिप्पैकरांना, थेस्सलनीकाकरांना, तो सुरुवातीलाच उपकार मानतो, पण देवाचे मानतो, त्यांच्याबद्दल. म्हणजे माणसावर ओझं टाकत नाही. आणि तरी त्या माणसाला ते ऐकू येतं, कारण पत्र मंडळीसमोर मोठ्यानं वाचलं जायचं. आई आभार घेत नाही, पण शेजारणीपुढे मुलानं तिचं कौतुक केलं आणि ते तिनं आतून ऐकलं, तर ते तिला चालतं. तसं काहीसं.

आणि हे कौतुक नाव घेऊन असतं. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडा. आपण तो वाचत नाही. वाचनाच्या पाळीत आला तर वाचणारा घाबरतो, नावांनी जीभ अडखळते. पौल तेव्हा करिंथात आहे, साधारण इ.स. 57, रोमला तो अजून गेलेलाही नाही, आणि तरी चोवीस जणांना नाव घेऊन सलाम सांगतो. आपल्या जुन्या मराठी भाषांतरात ‘सलाम’ हाच शब्द आहे, मला तो आवडतो. आणि नुसती नावं नाहीत, नावामागे हिशेब आहे. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी आपली मान धोक्यात घातली. मरियेनं तुमच्यासाठी कष्ट उपसले. पर्सिसनं कष्ट उपसले. रूफाची आई, ती माझीही आई. या शेवटच्यावर थांबा जरा. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी आजारात किंवा उपासात, या बाईनं पौलाला आईपण दिलं असणार. तो तपशील देत नाही. दोन शब्दांत नातं सांगतो आणि पुढे जातो.

त्या अध्यायाच्या शेवटी तर गंमत आहे. पत्र पौल सांगतोय, लिहून घेणारा दुसरा आहे, आणि तो मधेच स्वतःचा सलाम घालतो. त्याचं नाव तर्तियु. त्याचा अर्थ ‘तिसरा’. लगेच पुढे आणखी सलाम येतात, त्यात एरास्त, जो नगराचा खजिनदार, आणि त्याच्या शेजारी बंधू क्वर्त. क्वर्त म्हणजे ‘चौथा’. अशी नावं त्या काळी गुलामांमध्ये सर्रास सापडतात. बापानं हौसेनं ठेवलेलं नाव नाही, मालकाला मोजायला सोपं नाव. आता ती ओळ डोळ्यांसमोर आणा. खजिनदाराच्या नावापुढे त्याचा हुद्दा आहे. चौथ्यापुढे हुद्दा नाही. त्याच्याजवळ सांगायला एवढंच होतं, बंधू. आणि तेवढ्या एका शब्दावर तो खजिनदाराच्या शेजारी बसला, आणि दोन हजार वर्षं कुणी त्याला तिथून उठवलेलं नाही.

म्हणून मला आपल्या प्रार्थनेतल्या एका सवयीची काळजी वाटते. ‘प्रभो, सर्व बंधुभगिनींबद्दल तुझे उपकार मानतो.’ संपलं. ‘सर्व’ म्हणजे कोण? ‘सर्व’मध्ये माणूस लपून राहतो, आणि जात तर फारच सुखानं लपते. आराधनेत आपण एका प्याल्यातून पितो, आणि पोरीला स्थळ आलं की विचारतो, मूळचे कोण? सभागृहात आत्ता कुणी खाली बघू नका, प्रश्न सगळ्यांनाच आहे. (थोडी शांतता) शेषाद्रींच्या मुलाच्या पंगतीवरून भांडण झालं. आपण पंगत एक केली आणि सोयरीक वेगळी ठेवली. नाव घेऊन उपकार मानायची सवय लागली, तर निदान कोणाची नावं आपल्या तोंडी कधीच येत नाहीत ते तरी कळेल.

आणि नावं घ्यायला इथे माणसं कमी आहेत का? परळ इथून हाकेच्या अंतरावर. मराठवाड्यातून, नगरकडून माणूस टाटा हॉस्पिटलला येतो, सोबत बायको, एक पिशवी आणि पाळकाची चिठ्ठी. कुणाच्या तरी दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसं वाढतात. आठवड्यासाठी आलेली तीन महिने राहतात. कुणीतरी सकाळी साडेपाचला डबा करते आणि मग स्वतःच्या कामाला जाते. तुमच्यातल्या काहींनी हे केलंय, काहींसाठी हे कुणीतरी केलंय. त्या बाईचं नाव रविवारी कधी घेतलं गेलं? तिला हार नको, सत्कार नको, ती संकोचेल. पण प्रार्थनेत, देवाला उद्देशून, तिच्या देखत, नाव आणि डब्याचा हिशेब.

(इथे श्रोत्यांतून प्रश्न आला : ज्याच्याशी अजिबात पटत नाही, अशा माणसाबद्दल उपकार कसे मानायचे? ते ढोंग होणार नाही का?)

चांगला प्रश्न. ढोंग होऊ शकतं. पटत नसताना पटतंय असं दाखवलं तर ते ढोंगच. पण फिलिप्पैकरांचं पत्र बघा. पौल कैदेत आहे आणि पत्र आनंदाचं आहे. पहिल्या अध्यायात त्या सगळ्यांबद्दल तो उपकार मानतो. आणि त्याच पत्रात चौथ्या अध्यायात दोन बायकांचं भांडण काढतो, नावासकट. युवदीया आणि सुंतुखे. मंडळीत मोठ्यानं वाचायच्या पत्रात! दोघींनाही वेगवेगळी विनंती करतो, एकदा हिला, एकदा तिला, म्हणजे कुणाची बाजू घेतल्यासारखं होऊ नये. मग आपल्या एका सोबत्याला सांगतो की या दोघींना मदत कर. आणि कारण देतो ते बघा : या दोघी शुभवर्तमानाच्या कामात माझ्या खांद्याला खांदा लावून झगडल्या आहेत. भांडण खरं, आणि ते कष्टही खरे. एकानं दुसरं पुसलं जात नाही. तुमच्या त्या माणसाबद्दल जे खरं आहे तेवढंच देवासमोर बोला. तो चिडका असेल, हिशेबात घोळ घालत असेल. पण तुमच्या वडिलांच्या मयताला रात्रभर बसला असेल, तर त्या रात्रीबद्दल उपकार माना. न पटण्याचं वेगळं बोला, त्याच्याशी, आणि शक्यतो तिसऱ्याला सोबत घेऊन. पौलानं त्या सोबत्याला काम दिलं, पण त्याचं नाव मात्र पत्रात घेतलं नाही.